‘डेड मेन डोन्ट वेअर प्लेड’ला सलाम ठोकणारा टी-शर्ट: चित्रापासून छपाईपर्यंत

सिनेमाप्रेम मिरवणारे बहुतेक टी-शर्ट म्हणजे पोस्टरची झेरॉक्स असते. मध्ये हिरोचा चेहरा, खाली नाव, फार तर एखादा गाजलेला संवाद. पुष्कळ सिनेमांना तेवढं पुरतं. १९८२ साली आलेल्या ‘डेड मेन डोन्ट वेअर प्लेड’ला मात्र ते शोभत नाही, कारण या सिनेमाची सगळी गंमतच ‘चिकटवलंय ते कळता कामा नये’ या हट्टात आहे.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दिग्दर्शक कार्ल रायनर, नायक स्टीव्ह मार्टिन. रिग्बी रिअर्डन नावाचा खासगी गुप्तहेर, त्याच्याकडे येणारी ज्युलिएट फॉरेस्ट (रेचल वॉर्ड), तिच्या शास्त्रज्ञ बापाचा संशयास्पद मृत्यू, आणि पुढे चीजपर्यंत जाऊन पोचणारं एक अचाट कारस्थान. हे सगळं कृष्णधवल. पण खरी करामत वेगळीच आहे: रिअर्डनला वाटेत जी माणसं भेटतात त्यातली निम्मीशिम्मी चाळीसच्या दशकातल्या खऱ्याखुऱ्या सिनेमांतून उचललेली आहेत. ‘द बिग स्लीप’मधला हम्फ्री बोगार्ट त्याचा सहकारी म्हणून वावरतो, ‘सस्पिशन’मधला कॅरी ग्रँट आगगाडीच्या डब्यात समोर बसलेला असतो, ‘धिस गन फॉर हायर’मधला ॲलन लॅड त्याला गोळी घालून जातो. जुना तुकडा आणि नवं चित्रण आळीपाळीनं येत राहतं, आणि कोणीही डोळा मारत नाही. स्टीव्ह मार्टिन सोनेरी केसांचा टोप घालून ‘डबल इंडेम्निटी’तल्या फ्रेड मॅकमरेला भेटायला जातो, तेव्हासुद्धा दिव्यांची रचना आणि संगीत अगदी गंभीर असतं.

टी-शर्टसाठी आपल्याला हाच धडा घ्यायचा आहे. चित्र शंभर टक्के नॉयर, म्हणजे चाळीसच्या दशकातल्या गडद सावल्यांच्या गुन्हेपटांच्या धाटणीचं असावं, त्यात एकच गोष्ट वेडी असावी आणि त्या वेडेपणाकडे चित्रानं स्वतः बोट दाखवू नये. गमतीशीर फॉन्ट, उडते उद्गारचिन्ह, व्यंगचित्रातलं मोठं नाक यातलं काही नको.

पहिलं काम: सिनेमा आवाज बंद करून पुन्हा पाहा

एकदा मजेसाठी पाहून झाला की दुसऱ्यांदा आवाज बंद करा आणि फक्त उजेड बघा. छायाचित्रण मायकेल चॅपमनचं आहे, ‘टॅक्सी ड्रायव्हर’ आणि ‘रेजिंग बुल’वाला. जुन्या तुकड्यात प्रकाश डावीकडून आला असेल तर नव्या दृश्यात तो तसाच यायला हवा, सावलीची धार तेवढीच कडक हवी, नाहीतर जोड उघडा पडणार. कपड्यांचंही तेच. वेशभूषाकार एडिथ हेड. ‘डबल इंडेम्निटी’तली बार्बरा स्टॅनविक आणि ‘नटोरियस’मधली इंग्रिड बर्गमन यांचे मूळ कपडे तिनेच केले होते, आणि जवळजवळ चार दशकांनंतर त्याच सिनेमांच्या तुकड्यांशी जुळणारे कपडे तिनेच पुन्हा शिवून घेतले. हा तिचा शेवटचा सिनेमा. प्रदर्शनाआधीच, ऑक्टोबर १९८१ मध्ये ती गेली. संगीतकार मिक्लोश रोझा हाही असाच जुन्यांतला. ज्या जुन्या सिनेमांचे तुकडे यात आहेत त्यांतल्या ‘डबल इंडेम्निटी’, ‘द लॉस्ट वीकेंड’ आणि ‘द किलर्स’ना मुळात त्याचंच संगीत होतं. म्हणजे विडंबन करायला बसलेली माणसं मूळ दुकानातलीच होती. सिनेमा टिकला तो यामुळे, असं माझं मत.

पाहताना वहीत तीन गोष्टी टिपून ठेवा. सावल्यांच्या कडा मऊ आहेत की धारदार. पडद्यावर काळा भाग साधारण किती आणि पांढरा किती. आणि व्हेनेशियन ब्लाइंडमधून (खिडकीवरच्या आडव्या पट्ट्यांच्या पडद्यातून) येणाऱ्या उजेडाच्या पट्ट्या माणसाच्या अंगावर पडतात तेव्हा त्या कुठे वाकतात. ही तिसरी टीप पुढे फार कामाला येणार आहे.

काय वापरायचं नाही

सिनेमातली फ्रेम घेऊन छापायची नाही. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सिनेमाचा हक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षं चालतो आणि आंतरराष्ट्रीय करारांमुळे अमेरिकी सिनेमालाही इथे तो लागू आहे. म्हणजे या सिनेमासाठी २०४२ संपेपर्यंत. ‘एकच फ्रेम तर आहे’ ही पळवाट चालत नाही. चित्रपटातल्या कुठल्याही प्रतिमेचा फोटो म्हणजे त्या चित्रपटाचीच प्रत, असं कायद्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. पोस्टर हे तर स्वतंत्र कलाकृतीच. स्टीव्ह मार्टिनचा ओळखू येणारा चेहरा, स्टुडिओचं बोधचिन्ह, हेही नको.

नावाचं थोडं वेगळं आहे. ‘देसी बॉईज’ या हिंदी सिनेमाच्या नावावरून झालेल्या वादात आपल्या सर्वोच्च न्यायालयानं २०१५ साली सांगितलं की नुसत्या शीर्षकावर कॉपीराइट नसतो. ट्रेडमार्कचा प्रश्न निराळा, आणि विकायला काढलेल्या मालाला तो निश्चित लागू शकतो. स्वतःसाठी एक-दोन शर्ट छापणं आणि शंभर छापून विकणं यात कायद्याच्या नजरेत मोठं अंतर आहे. हा लेख पहिल्या प्रकारच्या लोकांसाठी. दुसऱ्या प्रकारच्यांनी आधी वकील गाठावा.

तसंही, बंदी आहे म्हणून हळहळण्यासारखं काही नाही. फ्रेम वापरता येत नाही म्हटल्यावर डोकं चालवावं लागतं आणि चित्र चांगलं होतं.

चित्र: मेलेल्याच्या अंगावर चौकड्या येतात कुठून?

शीर्षक म्हणतं, मेलेली माणसं चौकड्यांचे कपडे घालत नाहीत. मग चौकड्यांच्या कपड्यातला मृतदेह काढला की विनोद झाला, असं पहिल्यांदा वाटतं. पण ते फार सरळ होतं. मला सुचलेली रचना अशी आहे.

जमिनीवर पालथा पडलेला माणूस, वरून पाहिलेला. डोकं वर, पाय खाली, एक हात पसरलेला. फेडोरा हॅट डोक्यावर कलंडलेली, त्यामुळे चेहरा दिसतच नाही आणि कोणाच्या चेहऱ्याच्या हक्काचा प्रश्नच येत नाही. अंगात गडद सूट, त्यावर बारीक उभ्या रेघा. खिडकीतून व्हेनेशियन ब्लाइंडचा उजेड आडव्या पट्ट्यांनी येतोय. जमिनीवर त्या पट्ट्या नुसत्या पट्ट्या आहेत. पण त्या माणसाच्या अंगावर आल्या की सुटाच्या उभ्या रेघांना छेदतात, आणि तेवढ्याच भागात चौकड्या तयार होतात. माणसानं चौकड्या घातलेल्या नाहीत; शीर्षक खोटं ठरत नाही. तरी बघणाऱ्याला मेलेला माणूस चौकड्यांत दिसतो. नॉयरमधली सगळ्यात घासून गुळगुळीत झालेली खूण, म्हणजे ब्लाइंडची सावली, इथे विनोदाचं काम करते.

एक अडचण येते. ब्लाइंडच्या पट्ट्या सारख्या अंतरावर असतात आणि सुटाच्या रेघाही. दोन्ही एकमेकांना छेदल्या की गणिताच्या वहीचं पान दिसतं, स्कॉटिश धाटणीची चौकडी दिसत नाही. त्या चौकडीत जाड-बारीक पट्ट्यांची असमान लय लागते. उपाय गोष्टीतच सापडतो: खिडकीशी उभ्या असलेल्या कोणीतरी दोन बोटांनी ब्लाइंडची एक पट्टी खाली दाबली आहे. त्यामुळे एक झोत रुंद होतो आणि त्याच्या शेजारचा अरुंद. लय मोडते, चौकडी अस्सल वाटते, आणि खिडकीपाशी कोणीतरी उभं आहे हेही कळतं. त्या रुंद झोतात दोन बोटांची सावली हलकेच दाखवा. सुटाच्या रेघाही जोडीजोडीनं घ्या: दोन जवळ, मग मोकळी जागा, मग एक थोडी जाड.

आता ती वहीतली तिसरी टीप. माणसाचं शरीर जमिनीपेक्षा उंच असतं, त्यामुळे उजेडाची पट्टी जमिनीवरून अंगावर चढताना सरळ जात नाही. कडेला थोडी सरकते, पाठीच्या फुगवट्यावर कमानीसारखी वाकते, बगलेच्या खळग्यात तुटते. सरळ पट्टी ओढलीत तर माणूस पुठ्ठ्याचा दिसेल. खात्री करून घ्यायची असेल तर उशीवर गडद चादर टाका, कंगव्यासारखी कापलेली जाड कागदाची पट्टी टेबललॅम्पसमोर धरा आणि वरून मोबाइलनं फोटो घ्या. स्वतः काढलेला फोटो संदर्भाला घेतला की हक्काची भानगडही नाही.

पट्ट्या अगदी आडव्या नकोत, दहा-बारा अंश तिरप्या असू द्या. चित्राचा आकार साधारण ९ इंच रुंद, १३ इंच उंच. एक्सएलच्या पुढच्या मापांना इंचभर वाढवा.

अक्षरं? पुढच्या बाजूला एकही नको. ज्याला कळायचं त्याला चित्रावरून कळेल, ज्याला नाही कळणार तो विचारेल आणि मग तुम्ही त्याला दहा मिनिटं पकडून सांगू शकता. टी-शर्ट घालायचा तो त्यासाठीच. अगदीच राहवत नसेल तर मागे, कॉलरच्या खाली, टाइपरायटरच्या वळणाची बारीक ओळ घाला. सिनेमात रिअर्डनच्या हाती नावांच्या दोन याद्या लागतात, ‘फ्रेंड्स ऑफ कार्लोटा’ आणि ‘एनिमीज ऑफ कार्लोटा’. मित्रमंडळींसाठी छापत असाल तर निम्म्यांना एक, निम्म्यांना दुसरी. कोणाला कोणती द्यायची यावरून रीतसर भांडण होईल. देवनागरीत लिहिलंत तर आणखी बहार.

चित्राची छपाईसाठी तयारी

काळा टी-शर्ट आणि पांढरी शाई, एवढंच. एकच रंग, एकच स्क्रीन (फ्रेमवर ताणलेली जाळी, तिच्यातून शाई कापडावर उतरते). कापडाचा काळा रंग म्हणजेच सावली, ती छापायची नाही. आपण फक्त उजेड छापतोय. हे डोक्यात पक्कं बसलं की निम्मं काम सोपं होतं.

रेषाकाम इंकस्केपमध्ये करा, छटा गिंप किंवा फोटोशॉपमध्ये. चित्र काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्यात रंगवा आणि छटा ठरवताना कंजूषपणा करा. माझी वाटणी अशी: जमिनीवरचे झोत ३५ ते ४० टक्के पांढरे, अंगावरचे झोत ५० टक्के, सुटाच्या रेघा सावलीत १५ टक्के, आणि झोत व रेघ छेदतात तिथे पूर्ण पांढरा. चौकडी उठून दिसते ती या शेवटच्या फरकामुळे. छेदाची जागा आणि झोत यांत पुरेसं अंतर नसेल तर दोन हातांवरून चौकडी विरघळून जाते.

कापडावर राखाडी छपाई होत नसते, लहानमोठे ठिपके छापायचे असतात. फोटोशॉपमध्ये बिटमॅप मोडमधला हाफटोन, गिंपमध्ये न्यूजप्रिंट फिल्टर. इंचाला ३० ते ३५ ओळी ठेवा, कोन २२ अंशांच्या आसपास. ० किंवा ९० अंश ठेवलात तर ठिपक्यांच्या रांगा जाळीच्या धाग्यांशी झगडतात आणि मोअरे नावाची नको असलेली नक्षी उमटते. आपल्या चित्रात आधीच चौकडी आहे, तेव्हा ही भुतावळ दुप्पट त्रास देते. १० टक्क्यांहून बारीक ठिपका स्क्रीनवर टिकत नाही आणि ८५ टक्क्यांच्या वर शाई पसरून सगळं भरून जातं. म्हणून मधल्या छटा १५ ते ८० मध्येच बसवा. सुटाची रेघ एक मिलिमीटरहून बारीक नको. सावलीतल्या रेघा इतक्या अरुंद असतात की त्यांच्या रुंदीत जेमतेम एकच ठिपका बसतो. त्या हाफटोनच्या भरवशावर न सोडता सरळ तुटक रेघ म्हणून काढा, छपाईत स्वच्छ येतात.

सगळं झालं की चित्र उलटं करा, म्हणजे पांढऱ्याचं काळं. पॉझिटिव्हवर, म्हणजे स्क्रीनवर चित्र उतरवण्यासाठी काढलेल्या, उजेड आरपार जाणाऱ्या प्रिंटवर जिथे काळं असतं तिथे शाई उतरते. ही पायरी विसरून काढलेल्या पॉझिटिव्हवर सगळी सावली पांढरी छापली जाते आणि छातीवर पांढरा आयत येतो. ६०० डीपीआयवर लेझर प्रिंटरनं ट्रेसिंग पेपरवर किंवा फिल्मवर प्रिंट काढा. खिडकीसमोर धरून बघा. काळ्यातून उजेड झिरपत असेल तर दोन प्रिंट अचूक एकावर एक चिकटवा.

कापड

शंभर टक्के सुती, १८० ते २०० जीएसएम (चौरस मीटरला इतके ग्रॅम वजन), बायोवॉश केलेलं. तिरुपूरहून आलेला असा साधा काळा टी-शर्ट आता कुठल्याही शहरात ठोक दुकानात मिळतो. बायोवॉशमुळे पृष्ठभागावरची लव कमी होते आणि बारीक ठिपके नीट बसतात. १४०-१५० जीएसएमचं पातळ कापड छपाईच्या वजनानं छातीवर लोंबतं. पॉलिस्टर मिसळलेलं काळं कापड टाळा. उष्णता लागली की त्यातला रंग पांढऱ्या शाईत चढतो आणि आठवड्याभरात पांढऱ्याचा मळकट राखाडी होतो. छापण्याआधी एकदा साध्या पाण्यात धुऊन वाळवून घ्या, आटायचं ते आधीच आटू दे.

छपाई कोणती?

एकच टी-शर्ट हवा असेल आणि हात काळे करायची हौस नसेल तर डीटीएफ करून घ्या. फिल्मवर छापून उष्णतेनं चिकटवतात, शंभरभर छटा येतात, काम दिवसभरात हातात. पण अंगावर ते प्लास्टिकच्या पापुद्र्यासारखं बसतं आणि मोठ्या चित्राखाली उन्हाळ्यात घाम साठतो. शिवाय सुटे ठिपके आणि तुटक रेघांना खाली गोंदाची पावडर धरायला जागा कमी मिळते. दहाबारा धुण्यांत कडा उचलायला लागतात.

डिस्चार्ज प्रिंट हा खानदानी पर्याय. यात शाई चढवत नाहीत, कापडाचा काळा रंगच रसायनानं उडवतात. हाताला काही लागत नाही आणि उरणारा रंग शुभ्र नसून थोडा पिवळट-राखाडी असतो, जुन्या रिळासारखा. चित्राला तो अप्रतिम शोभतो. मात्र प्रत्येक काळा रंग उडत नाही, आणि प्रक्रियेत फॉर्मल्डिहाइडचा उग्र वास सुटतो. घरात करू नका. वायुवीजन असलेल्या छापखान्यातूनच करून घ्या, आधी त्याच टी-शर्टच्या कोपऱ्यावर चाचणी मागा.

घरी करायचं तर स्क्रीन प्रिंटिंग आणि पाण्यावरची पांढरी पिगमेंट शाई. पुढचं सगळं त्याबद्दल.

स्क्रीन तयार करणं

जाळी ६१टी घ्या, म्हणजे इंचाला साधारण १५५ धागे. याहून घट्ट जाळीतून पांढरी शाई पुरेशी उतरत नाही, सैल जाळीत ठिपके निसटतात. फ्रेमच्या आतली जागा चित्रापेक्षा चारही बाजूंनी तीन-चार इंच मोठी असावी.

जाळी साबणानं घासून, तेलकटपणा काढून वाळवा. पिवळ्या किंवा लाल दिव्यात इमल्शन (उजेड लागला की घट्ट होणारा आणि बाकीचा धुऊन निघणारा लेप) लावा: स्कूप कोटरनं, म्हणजे लेप पसरायच्या पन्हळीनं, छपाईच्या (कापडाला टेकणाऱ्या) बाजूनं एक हात, मग स्क्वीजीच्या (शाई ओढायच्या रबरी पट्टीच्या) बाजूनं दोन. छपाईची बाजू खाली ठेवून, आडवी, अंधारात, पंख्याखाली वाळू द्या. बाजारात अजूनही डायक्रोमेट मिसळायचं स्वस्त इमल्शन मिळतं. ते घेऊ नका. त्यातला क्रोमियम कातडीला आणि फुप्फुसांना घातक असतो आणि धुतलेलं पाणी गटारात जातं. तयार फोटोपॉलिमर इमल्शन थोडं महाग पडतं, पण डोक्याला ताप नाही.

कोकणात, मुंबईत किंवा गोव्यात राहत असाल तर हे काम जुलैत काढू नका. दमट हवेत इमल्शन वरून कोरडं लागतं पण आत ओल राहते, आणि एक्स्पोज करून (पॉझिटिव्हमधून स्क्रीनवर उजेड टाकून) धुताना अख्खा थर घसरून मोरीत जातो. काढायचंच असेल तर बंद खोलीत एसी ड्राय मोडवर लावून रात्रभर ठेवा.

एक्स्पोजिंगला पॉझिटिव्हची छापील बाजू इमल्शनला टेकली पाहिजे, वर जाड काच, मध्ये हवेची फट नको. वेळ मात्र कोणाच्या सांगण्यावरून ठरवू नका, माझ्याही नाही. दिवा, अंतर, इमल्शनची जाडी, सगळ्यावर ते अवलंबून आहे. एका छोट्या स्क्रीनवर पुठ्ठा सरकवत सरकवत पाच वेगवेगळ्या वेळा देऊन पट्टी काढा, धुवा, आणि जिथे १५ टक्क्यांचा ठिपकाही उघडला आहे व इमल्शनही चिकटून आहे ती वेळ तुमची. मग खरी स्क्रीन एक्स्पोज करून दोन्ही बाजूंनी हलक्या फवाऱ्यानं धुवा. आधी छेदाचे मोठे चौकोन उघडतात, शेवटी हॅटच्या कडेचे बारीक ठिपके. ते उघडले की थांबा.

हे सगळं नको वाटत असेल तर छपाईच्या बाजारात पॉझिटिव्ह घेऊन गेल्यावर स्क्रीन तयार करून देणारे लोक असतात. त्यांना जाळीचा नंबर सांगा, आणि ‘हाफटोन आहे’ हे दोनदा सांगा.

छापताना

टी-शर्टच्या आत गुळगुळीत फळी घाला, तिच्यावर हलका गोंद, म्हणजे कापड सरकणार नाही. कॉलरच्या शिवणीपासून चार बोटं खाली चित्राची वरची कड. माणसाचं शरीर उभं आहे, त्यामुळे चित्राची मधली रेघ शर्टाच्या मध्यावर असायलाच हवी. टी-शर्ट उभा दुमडून इस्त्रीनं हलकी घडी पाडली की मध्य सापडतो. स्क्रीन बिजागऱ्यांच्या क्लॅम्पमध्ये पक्की बसवा. जाळी आणि कापड यांत एखाद-दोन नाण्यांच्या जाडीइतकी फट ठेवा, म्हणजे स्क्वीजी पुढे गेल्यावर जाळी मागून सुटते आणि ठिपका फाकत नाही.

शाईबद्दल एक आगाऊ सूचना. बाजारातला पांढरा फार झगझगीत असतो, जाहिरातीसारखा. त्यात काडीच्या टोकावर येईल एवढाच काळा पिगमेंट घोळवा. रंग राखाडी दिसता कामा नये, फक्त चकाकी उतरली पाहिजे. वाटीभर शाईत त्याहून जास्त काळा गेला तर परत येणं नाही.

आधी जुन्या काळ्या कापडावर छापून बघा. मग खरा टी-शर्ट. स्क्रीन उचललेली असताना शाई हलक्या हातानं जाळीवर पसरून घ्या. स्क्रीन खाली, स्क्वीजी ७० अंशांच्या आसपास धरून एका दमात, एकाच वेगानं ओढा. मध्ये थांबलात तर तिथे आडवी रेघ येते, आणि आपल्या चित्रात ती उजेडाची आणखी एक पट्टी म्हणून खपून जाईल अशी आशा बाळगू नका. ती माणसाच्या अंगावर न वाकता सरळ जाते, लगेच पकडली जाते. जाळी सुटताना चर्र असा छोटा आवाज येतो. तो आला की दाब बरोबर होता.

पहिल्या ओढीत पांढरा फिका दिसेल, कापडाची लव वर आलेली दिसेल. घाबरू नका. स्क्रीन उचला, टी-शर्ट जागचा हलवू नका, हेअर ड्रायरनं छपाई बोटाला चिकटणार नाही इतपत वाळवा आणि दुसरी ओढ द्या. पहिल्या थरानं लव दाबून टाकलेली असते, त्यामुळे दुसऱ्या थरात छेदाचे चौकोन एकदम उजळतात आणि तोवर नुसता पट्ट्यांचा गोंधळ वाटणारं चित्र चौकडी होतं. तिसरी ओढ देऊ नका. ठिपके भरतात, सावली जाते.

उन्हाळ्यात पाण्यावरची शाई जाळीतच वाळते. प्रत्येक छापानंतर लगेच पुन्हा शाई पसरून ठेवा आणि हाताशी पाण्याचा फवारा असू द्या.

पक्कं करणं आणि धुणं

छपाई पूर्ण वाळल्यावर, म्हणजे रात्रभर टांगून झाल्यावर, उष्णता द्या. हीट प्रेस असेल तर साधारण १५० ते १६० अंश सेल्सियसला दोन-तीन मिनिटं, पण शाईच्या डब्यावर जे लिहिलंय ते अंतिम. इस्त्रीनं करायचं तर वाफ बंद, वर बटर पेपर, आणि तळव्याएवढा भाग घेऊन थोडं थोडं पुढे सरका. घाईत कडा राहून जातात आणि धुताना हॅट गळते. काळ्या सुती कापडावर इस्त्री जोरात दाबली तर चकाकणारे चट्टे पडतात, म्हणून उष्णतेवर भिस्त ठेवा, दाबावर नको.

पहिले तीन दिवस धुऊ नका. नंतर उलटा करून, थंड पाण्यात, ब्लीचशिवाय. वाळत घालतानाही उलटाच, आणि सावलीत. उन्हात काळा विटला की आपली सगळी सावलीच विटणार.

काम झाल्याझाल्या स्क्रीन धुऊन ठेवा, इमल्शन मात्र लगेच काढू नका. टी-शर्ट घालून बाहेर पडलात की मला एक, मला एक म्हणणारे निघतात. मित्रांना फुकट छापून द्यायला हरकत नाही, शर्ट त्यांनी आणायचा.